फादरच्या दगडावरची शेवटची ओळ

चौकात फादरचं स्मारक उभं राहणार, हे गावात सगळ्यात शेवटी मला कळलं. त्याचा दगड मी कोरणार हे मात्र सगळ्यात आधी ठरून गेलं होतं, फक्त मला विचारायचं राहिलं होतं. दगडावर हाताने अक्षरं कोरणारं आसपासच्या सात-आठ गावांत आता दुसरं कोणी उरलेलं नाही. बाबा गेले, त्यांच्या छिन्न्या माझ्याकडे आल्या. मध्यंतरी एक नवराही येऊन गेला. छिन्न्या टिकल्या.

सांगायला आले ते हेडमास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी अख्ख्या गावाला ते सातवीचा वर्ग समजतात, आणि गावही त्यांच्यापुढे हात वर केल्याशिवाय बोलत नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझं स्टूल पुसलं आणि मग बसले. त्यांच्याबरोबर बेकरीवाली वहिनी होती. तिचा नवरा माझ्या भावाच्याच तुकडीत होता. दोघंही एकाच युद्धात गेले, तेव्हापासून मी तिला वहिनी म्हणते.

हेडमास्तरांनी कागद पुढे केला. वर फादरचं नाव, खाली जन्म-मृत्यूची सालं, त्याखाली 'लष्करी धर्मगुरू', आणि अगदी शेवटी एक ओळ: 'यांनी एकाही सैनिकाला एकटे मरू दिले नाही.'

मी ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे कुणी लिहिलं, सर?"

"त्यांच्या कर्नलने. फादर गेल्यावर पत्र आलं होतं त्यांचं. त्यातलंच आहे, शब्दन् शब्द. छान आहे की नाही?"

"खोटं आहे."

वहिनी खाली बघायला लागली. हेडमास्तरांनी चष्मा काढला. पूर्वी छडी काढण्याआधी ते असाच चष्मा काढायचे.

"हे बघ, तुमच्या घराचं फादरशी वाकडं आहे, हे गावाला माहीत आहे."

"गावाला काय माहीत आहे? मलाच माहीत नाही."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. दादाला जाऊन आता सव्वीस वर्षं झाली. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. गावातली चार मुलं गेली त्या युद्धात. फादर त्यांच्याच तुकडीबरोबर होता. तोही मूळचा इथलाच, पोस्टमनचा मुलगा. गाव त्याला अहो-जाहो करतं, मी करत नाही. आघाडीवरून त्याने मेलेल्या मुलांच्या घरी पत्रं लिहिली. मुलगा कसा गेला, शेवटी काय म्हणाला, कुणाची आठवण काढली, सगळं. तीन घरांत ती पत्रं अजून आहेत. वहिनीने तर आपलं पत्र काचेत घालून बेकरीच्या कपाटावर टांगलंय, त्यामुळे पाव घेताना सगळा गाव ते वाचतो. चौथ्या घरात, म्हणजे आमच्या, पत्र आलं नाही. आमच्याकडे आला तो छापील सरकारी कागद. त्यात दादाच्या नावापुरती मोकळी जागा होती आणि तेवढीच टाइप करून भरली होती.

वर्षभराने तो परत आला आणि आमच्याच चर्चचा फादर झाला. पुढची पंचवीस वर्षं, मरेपर्यंत, तो इथेच होता. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन बसला, आमचं घर सोडून. मी समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडायचा. लोक म्हणायचे फादर किती प्रेमळ, किती साधे. मी म्हणायचे, असतील. माझ्या वाट्याला त्याची पाठच आली.

आणि आईचं वेगळंच. ती दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसायची. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहायची, सरकत सरकत फादरसमोर पोचायची आणि छातीवर हातांची घडी घालून, तोंड घट्ट मिटून उभी राहायची. घडी घातली म्हणजे प्रसाद नको, नुसता आशीर्वाद हवा, असा चर्चमधला संकेत. तो आशीर्वादाला हात उचलायचा. तो हात खाली यायच्या आत ही वळून चालू पडायची. हे पंचवीस वर्षं चाललं. सुरुवातीला लोक कुजबुजले, मग त्यांना सवय झाली. मी विचारलं की आई म्हणायची, "पाय दुखतात, गप चल घरी."

यावरून मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. दादा मेला तेव्हा हा माणूस जवळ नव्हता, आणि ते सांगायची त्याची छाती नव्हती. एवढ्यावर मी सव्वीस वर्षं काढली.

"पत्र आलं नाही म्हणजे फादर तिथे नव्हतेच, असं होत नाही," हेडमास्तर म्हणाले. "टपाल गहाळ होतं."

"तो इथे पंचवीस वर्षं होता, सर. पोस्टमनचाच मुलगा तो. चार घरं चालून तोंडी सांगायला टपाल लागत नाही."

तेव्हा वहिनी बोलली. "माझ्या माणसाचे डोळे त्यांनी मिटले. रात्रभर चिखलात बसून होते त्याच्यापाशी. ते खोटं नाही ना?"

"ते खोटं नाही, वहिनी. पण 'एकाही' लिहिलंय. त्या एकात माझा भाऊ येतो."

"मग आम्ही शहरातून मशिनवर कोरून आणतो," हेडमास्तर म्हणाले.

"आणा की. सह्या झाल्या का सगळ्या?"

इथे त्यांचं घोडं अडलं होतं, आणि नियम त्यांचाच होता. दहा वर्षांपूर्वी चौकात सैनिकांचा फलक लावला, तेव्हा कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून दोन घरं अशी भांडली, की अजून एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. तेव्हापासून हेडमास्तरांनी दंडक घातला. युद्धाशी संबंध असलेल्या दगडावर काहीही कोरायचं, तर मुलं गमावलेल्या चारही घरांची सही आधी पाहिजे. कागदाच्या मागच्या बाजूला तीन सह्या झाल्या होत्या. चौथी जागा मोकळी होती.

"तुझी आई नाही म्हणाली तर ओळ काढून टाकू," हेडमास्तर म्हणाले. "पण तिने म्हटलं पाहिजे. तू नाही."

मी कागद घेतला. मला मनातून हसू येत होतं. पंचवीस वर्षं त्या माणसाचा हात डोक्यावर येऊ न देणारी बाई या ओळीवर सही करणार, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

आई स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. मी कागद वाचून दाखवला. शेवटची ओळ जरा मोठ्याने वाचली.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचली.

"पेन दे."

"आई, ही ओळ राहू दे म्हणून सही मागताहेत. काढून टाका म्हणून नाही."

"बहिरी नाहीये मी. पेन दे."

मी पेन दिलं नाही. तिने उठून, चाचपडत, मिठाच्या बरणीमागचं पेन स्वतःच काढलं आणि सही केली. सही रेघेच्या खाली गेली, पण पूर्ण केली. मग परत शेंगा घेऊन बसली.

"तुझं डोकं फिरलंय का?" मी म्हणाले. "तो दादाजवळ होता? सांग ना. होता?"

"होता," आई म्हणाली. "म्हणून तर."

मी खाली बसले. आईने हातातली शेंग मोडली, दाणे काढले, साल बाजूला टाकलं आणि सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"तो आला होता घरी. एकदाच. गावात परतला त्याच आठवड्यात. तू आणि तुझे बाबा दफनभूमीत दगड बसवायला गेला होतात. इथेच उभा होता, दाराशी. म्हणाला, आघाडीवर एका शाळेत लष्कराने दवाखाना केला होता. मागे हटायचा हुकूम आला. दादाच्या पोटात लागलं होतं, त्याला हलवता येत नव्हतं. हा म्हणाला, मी थांबतो याच्याजवळ, तुम्ही जा. दादाने याची बाही धरली होती. मग तोफा जवळ आल्या. शेवटचा ट्रक सुटायला लागला." आईने एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताची बाही पकडली. "याने त्याची बोटं सोडवली. एकेक करून. असं स्वतः सांगितलं मला. मी विचारलं, दादा शुद्धीत होता का? हो म्हणाला."

तिने बाही सोडली.

"रडत होता. म्हणाला, झगा उतरवून ठेवतो, गाव सोडतो, सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, नाही. कुणाला एक शब्द सांगायचा नाही. इथेच राहायचं. दर रविवारी वेदीसमोर उभं राहायचं, मी पुढच्या बाकावर असणार. लोक चांगलं म्हणतील, ते खाली मान घालून ऐकून घ्यायचं. सांगून मोकळं व्हायचं नाही. त्याने ऐकलं. तेवढं मात्र ऐकलं त्याने."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गावाला कळलं असतं. गावाने त्याला हाकललं असतं, नाहीतर माफ केलं असतं. मला दोन्ही नको होतं."

शेंगा संपल्या. तिने साली गोळा केल्या.

"शेवटी मोठ्या दवाखान्यात होता ना, तेव्हा नर्सचा फोन आला होता. म्हणाली, फादर तुमचं नाव घेताहेत, बोलावताहेत. मी नाही गेले."

"कोण होतं त्याच्याजवळ?"

"मला काय माहीत. कुणी नसावं. पहाटे गेला म्हणे." ती माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "ती ओळ चांगली खोल कोर. मला बोटांना लागली पाहिजे. समोर बाक आहे चौकात, रोज जाऊन बसेन. आता त्याला रस्ता ओलांडता येणार नाही."

मला फादरची दया आली, असं कुणी समजू नये. नाही आली. तो माणूस माझ्या भावाची बोटं सोडवून ट्रकमध्ये चढला. माझा राग इतकी वर्षं अंदाजावर चालला होता, आता तो पक्का झाला. पण त्याच्या जोडीला दुसरा राग आला, आणि तो आईचा होता. दादाचा शेवट तिला पंचवीस वर्षं ठाऊक होता. तो तिने त्या माणसाबरोबर वाटून घेतला, माझ्याबरोबर नाही. दर रविवारी त्या दोघांचं ते चालायचं आणि मी मागच्या बाकावर बसून, काहीच माहीत नसताना, दात-ओठ खायचे. दादा माझाही होता. मला त्याने सायकल शिकवली होती. आणि आता आईला उरलेलं काम पुढे चालवायला माझे हात हवे होते.

हेडमास्तरांना मी सही दिली. ते म्हणाले, "बघ, तुझी आई तुझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे." मी ते ऐकून घेतलं. गावाला खरं सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. मग पाव आणायला गेले तर वहिनी फडक्याने पत्राची काच पुसत होती. तिच्या नवऱ्यापाशी तो खरोखर रात्रभर बसला होता. माझ्या सांगण्याने ती रात्रसुद्धा नासली असती. मी पाव घेऊन परत आले.

दगड काळा होता, पुरुषभर उंचीचा. अक्षरं आधी पांढऱ्या पेन्सिलीने काढायची, तपासून घ्यायची, मग छिन्नी लावायची, कारण एकदा लावली की परत घेता येत नाही. मी सगळा मजकूर काढला, शेवटच्या ओळीसकट. हेडमास्तर पट्टी घेऊन आले. त्यांनी समास मोजले, दोन ठिकाणी अंतर कमी आहे म्हणून सांगितलं आणि खूश होऊन गेले. मी वरून कोरत आले. नाव, सालं, 'लष्करी धर्मगुरू'. या कामाला नऊ दिवस लागले, आणि ते मी चोख केलं. त्या नावावर माझा कितीही राग असो, वेडंवाकडं अक्षर माझ्या हातून जात नाही. दहाव्या दिवशी ओलं फडकं घेतलं आणि शेवटची ओळ पुसून टाकली. पेन्सिल होती, एका फटक्यात गेली.

घरी आई रोज विचारायची, "कुठपर्यंत आलीस?"

"येतेय," मी म्हणायचे.

दगड मी आणि गवंड्याने मिळून बसवला आणि लगेच चादरीने झाकून, दोरीने बांधून टाकला. अनावरण आईच्या हातून व्हायचं ठरलं. चारही घरांत वयाने तीच मोठी, शिवाय हेडमास्तरांना तिच्या मोठ्या मनाचं गावाला दर्शन घडवायचं होतं. त्यांनी भाषणात तसं म्हटलंसुद्धा. म्हणाले, ज्या माउलीच्या मनात काही किंतू होता असं आपल्याला वाटत होतं, तिनेच आज, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने तिची ठेवणीतली काळी शाल घेतली होती. मी तिला हाताला धरून दगडापाशी नेलं. तिचा हात गरम होता आणि ती भराभर चालत होती. इतकी आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तिने दोरी ओढली. चादर पडली.

हेडमास्तरांना दिसलं तसा त्यांचा चेहरा उतरला. मागे कुणीतरी विचारलं, "ओळ कुठाय?" आईला दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला. नाव लागलं, त्यावरून बोटं फिरवली. सालं लागली. 'लष्करी धर्मगुरू' लागलं. मग बोटं खाली आली आणि गुळगुळीत दगडावरून इकडून तिकडे गेली. परत वर गेली, परत खाली आली. लोकांना वाटलं म्हातारी फादरला शेवटचं कुरवाळतेय. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला.

"कुठाय?" आईने हळूच विचारलं.

"नाहीये."

"राहिली का? नंतर कोरणार आहेस?"

"नाही, आई. कोरणार नाही."

तिचा तळहात दगडावर तसाच राहिला. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, की सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा केल्याबद्दल ते मला सोडणार नाहीत, आणि हा दगड ते उद्याच्या उद्या उपटून टाकतील. वहिनी म्हणाली, "असू दे, सर. नाव आहे ना." मी दोघांकडेही पाहिलं नाही.

"सोडलंस त्याला," आई म्हणाली.

"त्याला नाही सोडलं. मेला तो. तू किती दिवस त्याच्यासमोर बसणार आहेस?"

"मला दुसरं काय आहे?"

हे तिने भांडायला म्हटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती. मी तिच्या शेजारी उभी होते, तिचा दंड माझ्या हातात होता, आणि ती मला विचारत होती की तिला दुसरं काय आहे. सव्वीस वर्षं मी त्याच घरात राहत होते. तिचं जेवण करत होते, तिची औषधं आणत होते, दगडाच्या धुळीने खोकत होते.

"मी आहे ना," मी म्हणाले. "माझ्याकडे बघ, आई."

तिने माझा हात दंडावरून काढला. सावकाश, एक बोट, मग दुसरं. मग ती शाल सावरत, वाट चाचपत समोरच्या बाकापर्यंत गेली आणि त्या दगडाकडे तोंड करून बसली.